परसातला जुना आंबा कोणत्या जातीचा?

जुन्या आंब्याची जात ओळखण्याची सुरुवात बुंध्यापासून करावी. झाड कलमी आहे की कोयीपासून उगवलेले, हे ठरल्याशिवाय फळ हातात घेऊन फारसे काही साधत नाही. कलमी झाडाला ठरलेले नाव असते: हापूस, पायरी, केसर, मानकुराद, तोतापुरी. ज्या झाडाची काडी बांधली, त्याचे गुण कलमात जसेच्या तसे उतरतात. कोयीचे झाड मात्र परागीभवनातून, म्हणजे बहुधा दोन वेगळ्या झाडांच्या मिश्रणातून जन्मलेले असते. आजोबांनी हापूसची कोय लावली होती, मग फळ आंबट आणि रेषाळ कसे, हा वाचकांचा नेहमीचा प्रश्न. उत्तर सरळ आहे. हापूसची आई मिळाली, बाप कोणता ते कोणीच पाहिलेले नाही.

अशा झाडाला कोकणात रायवळ म्हणतात, देशावर आणि मराठवाड्यात गावरान किंवा गावठी. रायवळ हे एका जातीचे नाव नव्हे. प्रत्येक रायवळ झाड ही आपापली एक जात असते, आणि बहुतेकांचे नाव कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यामुळे आपल्या परसातले झाड कोयीचे निघाले तर नाव शोधण्याचे श्रम सोडून त्याची नोंद करण्याकडे वळावे. कलमी निघाले तरच पुढची तुलना उपयोगाची.

कलमी की रायवळ?

बुंध्याभोवतीचा पालापाचोळा बाजूला करून जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत साल नीट पाहावी. कलमाचा सांधा असेल तर त्या ठिकाणी खोडाला फुगवटा किंवा आडवी वळी दिसते. वळीच्या वर आणि खाली सालीचा पोत वेगळा असतो, खाली खडबडीत तर वर त्यामानाने गुळगुळीत, किंवा उलटही. जुन्या भेट कलमांत सांधा लांबट आणि तिरका असतो. बोट फिरवले तर डोळ्यांना न दिसणारी कडही कधी कळते. साठ-सत्तर वर्षांच्या झाडात सांधा भरून गेलेला असू शकतो. आळ्यात दरवर्षी माती ओढली गेली असेल तर तो जमिनीखालीही जातो. तेव्हा वीतभर माती उकरून पाहायला हरकत नाही, फक्त मुळांना कुदळ लागू देऊ नये.

सांधा सापडला नाही तर इतर खुणा जमवाव्यात:

- रायवळ झाड सहसा सरळसोट वाढते आणि पहिल्या फांद्या उंचावर फुटतात. कलम ठेंगणे, पसरट आणि खालपासून फांद्यांचे असते.
- एका रांगेत, साधारण १० मीटर अंतरावर उभी असलेली झाडे बहुधा लावलेली कलमे असतात. बांधावर, विहिरीकाठी, गोठ्यामागे एकटे उभे असलेले झाड बहुधा आपसूक उगवलेले.
- कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते, कोयीच्या झाडाला सात ते दहा वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागतात. पहिला आंबा कधी खाल्ला, हे घरातल्या एखाद्या आजीला हमखास आठवते.

यांतली एकटी खूण पुरेशी नसते. दोन-तीन एका दिशेने बोट दाखवत असतील तर निष्कर्ष काढावा.

लागवडीचे वर्ष

झाडाचे वय अंदाजे कळले तरी बऱ्याच जाती आपोआप वगळता येतात, आणि ही युक्ती फळ पाहण्याइतकीच कामाची आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातली जात १९८१ची. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून आलेली, पातळ कोयीची सिंधू १९९२ची. १९६५ साली लावलेले झाड यांपैकी काही असूच शकत नाही. केसर मूळचा जुनागढचा. मराठवाड्यात त्याच्या बागा वाढल्या त्या मुख्यतः १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाल्यावर. तिथल्या पणजोबांच्या काळातल्या आंब्याला केसर म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

कलमे कुठून आणली होती, हेही विचारून घ्यावे. वेंगुर्ल्याहून, दापोलीहून, गोव्यातल्या नातेवाइकांकडून की गुजरातेतून, यावर संभाव्य नावांची यादी ठरते. सावंतवाडी-दोडामार्गाच्या परसात मानकुराद, फर्नांडिन, मुसराद यांचा विचार आधी करावा, डहाणू-तलासरीकडे राजापुरीचा.

फळ कधी आणि कसे उतरवावे

पडलेला, पाखराने टोचलेला किंवा कोवळा आंबा तपासणीला घेऊ नये. ओळख पटवायची ती पूर्ण तयार होऊन आढीत पिकलेल्या फळावर. कोकणात ज्याला चौदा आणे तयार म्हणतात, तो टप्पा साधावा: फळाचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात, देठाजवळ खळी पडते, हिरवा रंग फिकट होतो. शंका वाटली तर फळ पाण्याच्या बादलीत सोडावे. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

झेल्याने देठासकट, निदान दहा फळे उतरवावीत, आणि ती झाडाच्या सगळ्या बाजूंनी घ्यावीत. उन्हाकडच्या फळांना लाली चढते, सावलीतली हिरवीच राहतात. एकाच बाजूची घेतली तर रंगाची नोंद चुकते. चीक निथळला की भाताच्या पेंढ्यात आढी घालावी. कार्बाइडने पिकवलेल्या फळाचा रंग आणि चव दोन्ही खोटी असतात. शिवाय फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे.

फळ समोर ठेवून

पिकलेला आंबा देठ वर करून चपट्या अंगाने समोर धरावा. फुगीर कड ती पाठ, दुसरी ते पोट. आता चार गोष्टी पाहायच्या. दोन्ही खांदे सारखे आहेत की एक उंच? पोटाच्या खालच्या बाजूला नाक, म्हणजे चोच, दिसते का? नाकाच्या वर खोलगटपणा आहे का? फळ लांबट, गोल की तिरके?

मग कोयीच्या सपाट अंगाने सुरी घालून गालाचा काप काढावा. सालीची जाडी बघावी. गराचा रंग दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण ट्यूबलाइटखाली पिवळा आणि केशरी यांतला फरक पुसला जातो. रेषा आहेत का, असल्या तर कोयीलगतच की सगळ्या गरात, हे जिभेपेक्षा दातांना लवकर कळते. उरलेली कोय चोखून, घासून, धुवून दोन दिवस सावलीत वाळवावी. वाळलेल्या कोयीवरचे केस, शिरा आणि आकार ही फळाच्या रंगाहून भरवशाची खूण. रंग उन्हावर आणि पाण्यावर बदलतो, कोय फारशी बदलत नाही. बहुतेक जण ती फेकून देतात, आणि ओळखीचा निम्मा पुरावा कचऱ्यात जातो.

फोटो काढताना फळाशेजारी मोजपट्टी ठेवावी. समोरून, बाजूने, देठाकडून, नाकाकडून, उभे कापलेले आणि वाळलेली कोय, असे सहा फोटो पुरतात. सोबत वजन, उतरवल्याची तारीख आणि आढीत किती दिवस लागले, हे लिहून ठेवावे.

नेहमी भेटणाऱ्या जाती

महाराष्ट्र-गोव्याच्या परसात सर्वात जास्त घोटाळा होतो तो हापूस आणि पायरीत, म्हणून या जोडीवर थोडे थांबायला हवे. हापूस मध्यम आकाराचा, साधारण २०० ते ३०० ग्रॅमचा, तिरकस अंडाकृती असतो. नाक जवळजवळ नसतेच, टोक गोलाईत मिटते. गर घट्टसर, केशरी, बिनरेषांचा. कापल्यावर मध्येच पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग निघाला तर तो साका, हापूसची जुनी खोड. एका वर्षी लदलद आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम, हेही हापूसच्या झाडाचे लक्षण. पायरीचे नाक स्पष्ट वर आलेले असते आणि खांद्यावर लाली असते. गर मऊ, रसाळ. पायरी आमरसाची, हापूस कापून खायचा, असा घरगुती वाटा पूर्वीपासून आहे. पिकल्यावर पायरी फार दिवस टिकत नाही. हापूस आढीतून काढल्यावर आठवडाभर ठेवला तरी साल सुरकुतून तो आणखी गोड होतो, पायरी तोवर लिबलिबीत झालेली असते. डोळे मिटून दोन्ही जातींत भेद करायचा तर हा टिकाऊपणा सर्वात सोपा.

बाकीच्या जातींसाठी थोडक्या खुणा पुरतात:

- केसर: लांबट, नाकाकडे किंचित वळलेला. साल पिकूनही हिरवट-पिवळी राहते, आत मात्र गर गडद केशरी.
- तोतापुरी: लांब, खाली पोपटाच्या चोचीसारखे अणकुचीदार टोक. ही ओळखायला कोणाची मदत लागत नाही.
- राजापुरी: मोठे, गोलसर, अर्ध्या किलोच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे फळ. लोणचे-मुरांब्याचा आंबा.
- लंगडा: पिकला तरी हिरवाच, वास मात्र दूरवर जातो.
- नीलम: उशिरा, जून-जुलैत येणारा, दरवर्षी धरणारा. फळ लहान ते मध्यम, पिवळे.
- मानकुराद: गोव्याचा लाडका. पिवळा, लालीशिवायचा, सालीवर बऱ्याचदा डाग. वाईट रंगाचा अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आल्याचे सांगतात. चव मात्र त्या नावाला खोटे पाडते.
- रत्ना: हापूसपेक्षा मोठा, साका नसलेला, नियमित धरणारा.

यादीत एकही जात जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. जवळपास हापूससारखा, एवढेच म्हणता येत असेल तर तो बहुधा हापूसच्या कोयीचा रायवळ.

फसवणाऱ्या खुणा

*एका झाडावर दोन प्रकारची फळे.* हा चमत्कार नव्हे. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याला, फूट आली आणि कोणी ती काढली नाही, की ती फांदी रायवळ फळे देते. काही झाडांत खुंट वरच्या कलमाला दाबून टाकतो आणि वीस वर्षांनी घरचे लोक म्हणतात, आमचा हापूस बिघडला. फांदी कुठून निघते ते खाली पाहत जावे. सांध्याखालून निघत असेल तर तिच्या फळांची नोंद वेगळी ठेवावी. कधी मोठ्या रायवळ झाडावर कोणी खुंटी कलम केलेले असते, तेव्हा नेमके उलटे चित्र दिसते.

*हंगाम.* आंबा लवकर येतो म्हणून अमुक जात, हा अंदाज फसवा आहे. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे कल्टार, घातलेले झाड लवकर मोहरते. शेजारच्या बागेत वापर असेल तर आपल्या झाडावरही थोडाफार परिणाम होऊ शकतो. डोंगरउतारावरचे आणि खाडीकाठचे झाड एकाच जातीचे असूनही मागे-पुढे येते.

*वजन.* पाणी तोडलेल्या वर्षी किंवा झाड फार धरले त्या वर्षी फळे लहान राहतात. निदान दोन हंगाम पाहिल्याशिवाय वजनावर विसंबू नये.

*नाव.* घरात चालत आलेले नाव खोटे नसते, पण ते त्या गावापुरते असते. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेंदऱ्या, केळ्या ही नावे वास, चव, रंग किंवा आकारावरून पडली. एका गावचा शेप्या आणि पलीकडच्या गावचा शेप्या एकच असेल असे नाही. दोघांना शेपूचा वास येतो, एवढाच त्यांच्यातला संबंध.

पानांवरून ओळखता येते का?

आंबा नसलेल्या महिन्यांत पानांकडे वळण्याचा मोह होतो. जुने कलम बांधणारे पान चुरगळून नाकाशी धरतात आणि जात सांगतात, हे खरे आहे. त्यांच्या नाकात हजारो पानांचा वास साठलेला असतो. आपल्याकडे तेवढा अनुभव नसेल तर पानांचा उपयोग फक्त तुलनेसाठी करावा. खात्रीचे हापूसचे झाड शेजारी असेल, तर दोन्हीची नवी पालवी एकाच आठवड्यात पाहावी. पालवीचा तांबूस, तपकिरी किंवा पोपटी रंग, पानाची कड सपाट की लाटेसारखी, मोहोराच्या दांडीचा रंग, यांत फरक दिसला तर दोन्ही झाडे एकाच जातीची नाहीत असे म्हणता येते. सारखेपणा दिसला तर मात्र एक जात सिद्ध होत नाही.

रायवळ निघाला तर

आधी एक सोपी चाचणी करावी. ताजी कोय जूनमध्ये कुंडीत लावावी. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून महिन्याच्या आतच लावावी. दोन-तीन आठवड्यांनी कोंब येतात. एका कोयीतून एकच रोप आले तर झाड नेहमीच्या भारतीय आंब्यासारखे एकभ्रूणी. दोन-चार रोपे आली तर ते बहुभ्रूणी. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ, कर्नाटक आणि गोव्याकडे अशा जाती आहेत. बहुभ्रूणी आंब्याच्या कोयीतून येणारी बरीचशी रोपे आईच्याच पेशींपासून बनतात, त्यामुळे ती जवळपास मूळ झाडासारखीच होतात. तेवढ्या एका बाबतीत कोय लावून झाड जपता येते.

नंतर झाडाची नोंद एका पानावर करावी: जागा, अंदाजे वय, घरातले नाव, फळाचे वर्णन, हंगाम, उपयोग (चोखायला, आमरसाला, लोणच्याला, पन्ह्याला), आणि तो आंबा कोणकोणत्या घरांत वाटला जातो. हे शेवटचे निरर्थक वाटेल, पण चव जपणारे लोक कोण आहेत ते त्यातून कळते, आणि कलमे द्यायची वेळ येते तेव्हा तीच घरे पहिल्यांदा दार उघडतात.

तज्ज्ञ आणि डीएनए चाचणी

कोकणात दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतले फळ संशोधन केंद्र, गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, ही विचारायची ठिकाणे. तिथे जाताना फोटो नव्हे, फळे न्यावीत: दोन-तीन तयार, दोन-तीन पिकलेली, वाळलेल्या कोयी आणि पानांसकट एक डहाळी. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून फळ घेऊन येण्याचा दिवस ठरवावा.

डीएनए चाचणीबद्दल वाचकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. ही चाचणी आपल्या पानाचा नमुना प्रयोगशाळेकडे असलेल्या ज्ञात जातींच्या नमुन्यांशी ताडून पाहते. झाड हापूस आहे की नाही, याचे उत्तर ती चांगले देते. रायवळाचे नाव ती सांगू शकत नाही, कारण जुळवायला दुसरा नमुनाच नसतो. फार तर त्याच्या पालकांपैकी एक हापूस असावा, असा अंदाज मिळतो. घराच्या समाधानासाठी हा खर्च करू नये. कलमे विकायची असतील किंवा वाणाची नोंदणी करायची असेल तरच तो विचारात घ्यावा.

झाड जपायचे असेल तर

म्हातारे झाड वादळात उन्मळण्याआधी त्याची कलमे करून ठेवावीत. सर्वात सोपे कोय कलम, पावसाच्या सुरुवातीला:

1. जुन्या झाडाला कलमाजोगी कोवळी वाढ नसेल तर आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक-दोन फांद्या छाटून नवी फूट आणावी. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर भिरूड शिरतो.
2. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड काडी निवडावी. काडी काढण्याच्या आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून तिची पाने कापावीत, म्हणजे डोळा फुगतो.
3. रायवळ कोयीची पंधरा ते वीस दिवसांची, तांबूस पानांची रोपे खुंट म्हणून घ्यावीत. खुंटाला उभी चीर, काडीला पाचर, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधणी.
4. प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव आणि तारीख लिहावी. चार झाडांची कलमे एकाच सावलीत ठेवली आणि नाव नाही लिहिले, तर पुढच्या पिढीला हा सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.

हाताला सवय नसेल तर जवळच्या नर्सरीतून कलमे बांधून घ्यावीत, पण काड्या स्वतः काढून द्याव्यात.

हक्क आणि कायदे

- तोड. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत आंबा आहे. तोडण्यापूर्वी झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी परवानगी लागते. शहरात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे.
- मालकी. परस सामायिक असेल तर झाडाची नोंद सातबाऱ्यावर कशी आहे ते पाहावे आणि काड्या देण्याआधी भावकीशी बोलून घ्यावे. झाडावरून होणारे वाद जमिनीच्या वादांपेक्षा लवकर मिटत नाहीत.
- वाण. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपला वाण शेतकरी वाण म्हणून नोंदवता येतो, आणि शेतकऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. झाडांच्या वाणाला १८ वर्षे संरक्षण मिळते. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते. म्हणून आधी कलमे करून ती मूळ झाडासारखीच फळे देतात हे पाहून मग अर्ज करावा. अर्जावर कृषी विद्यापीठाचा संशोधन विभाग, जिल्हा कृषी अधिकारी किंवा पंचायतीची जैवविविधता समिती यांपैकी कोणाचे तरी शिक्कामोर्तब लागते.
- गावची नोंद. जैवविविधता कायदा, २००२ नुसार पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. वाणाची अधिकृत नोंदणी करायची नसली तरी झाडाच्या नोंदीचे पान त्या नोंदवहीत लावून घेण्याचा आग्रह धरावा.
- नाव विकणे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. गोव्याच्या मानकुरादला ते २०२३ मध्ये मिळाले. ते चिन्ह पेटीवर लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. हापूसच्या कोयीपासून आलेला आंबा कितीही गोड असला तरी त्या नावाने विकू नये. त्याला स्वतःचे नाव द्यावे आणि पिशवीवर तेच लिहावे.